हिवाळी बाग

हिवाळी बाग : समशीतोष्ण कटिबंधात पानगळ संपल्यापासून वसंताच्या आरंभापर्यंत, म्हणजे साधारणपणे नोव्हेंबर ते मार्च या काळात शोभा देणाऱ्या वनस्पती निवडून उघड्यावर केलेली बाग. सालीचा रंग, फांद्यांचा बांधा, सदाहरित पर्णसंभार, वाळून उभी राहिलेली गवते, टिकाऊ फळे आणि मोजकी सुगंधी फुले ही तिची सामग्री होय. यांत फुलांचा क्रम बहुधा शेवटचा लागतो. ब्रिटन, नेदर्लंड्स, जर्मनी व उत्तर अमेरिकेचा ईशान्य भाग येथे ही पद्धत विशेष रुजली आहे.

संज्ञा व उगम : ‘हिवाळी बाग’ या नावाखाली दोन वेगळ्या गोष्टी येतात व जुन्या लिखाणात त्यांची सरमिसळ आढळते. एक म्हणजे थंडी न सोसणाऱ्या झाडांसाठी उभारलेले काचघर. दुसरी म्हणजे प्रस्तुत नोंदीचा विषय असलेली उघड्यावरची बाग. यांपैकी मूळ अर्थ कोणता, याविषयी एकमत नाही. इंग्रज तत्त्वज्ञ फ्रान्सिस बेकन यांनी १६२५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या उद्यानविषयक निबंधात बारा महिन्यांच्या वनस्पती क्रमाने दिल्या असून डिसेंबर-जानेवारीसाठी हॉली, आयव्ही, जूनिपर, यू, रोझमेरी यांसारख्या हिरव्या राहणाऱ्या वनस्पती सुचविल्या आहेत. त्याच यादीत संत्रे आणि लिंबू यांचीही नावे आहेत, मात्र ती शेगडीच्या उबेत ठेवण्याच्या अटीवर. म्हणजे दोन्ही अर्थांचे बीज एकाच परिच्छेदात सापडते. तथापि बेकन यांनी हिवाळ्यासाठी स्वतंत्र बाग सांगितलेली नाही.

ती कल्पना इंग्रज निबंधकार जोसेफ ॲडिसन यांच्या ‘स्पेक्टेटर’ या नियतकालिकातील ६ सप्टेंबर १७१२ च्या अंकात स्पष्टपणे येते. पाने न गाळणाऱ्या वृक्षांचीच एक हिवाळी बाग करावी हे लोकांना अजून कसे सुचले नाही, असे नवल तेथे व्यक्त केले आहे. लेखकाने त्यासाठी एक एकर जमीन राखून ठेवल्याचे व भिंतींवर द्राक्षाऐवजी आयव्ही चढविल्याचेही म्हटले आहे. हा मजकूर एका कल्पित बागप्रेमीच्या पत्राच्या रूपात असल्यामुळे तो एकर खरोखर लावला गेला होता असे धरून चालता येत नाही. पत्रातील झाडांत हॉर्नबीमचेही नाव आहे. हा वृक्ष पानझडी आहे. छाटलेल्या कुंपणात त्याची वाळलेली तपकिरी पाने हिवाळाभर टिकतात, एवढेच. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने ही चूक असली, तरी वाळलेले पानही शोभेचे मानणाऱ्या आजच्या बागेशी ती अजाणता जुळते.

एकोणिसाव्या शतकात काच व लोखंड स्वस्त झाल्यावर काचघराचा अर्थ पुढे आला. लंडनच्या रीजंट्स पार्कमध्ये १८४६ मध्ये असे काचघर झाले. ब्लॅकपूल येथील ‘विंटर गार्डन्स’ (१८७८) हे तर करमणुकीचे संकुलच होते. जर्मन भाषेत आजही ‘विंटरगार्टन’ म्हणजे घराला जोडलेली काचेची खोली. तरीही उघड्यावरच्या बागेची कल्पना काचघरापूर्वीची मानणे उपलब्ध लिखाणाशी अधिक सुसंगत दिसते. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तिला सार्वजनिक रूप मिळाले. केंब्रिज विद्यापीठाच्या वनस्पती उद्यानातील हिवाळी बाग (सु. १९७८–७९) हा बहुतेकांनी पुढे ठेवलेला नमुना होय. त्यानंतर इंग्लंडमधील अँगलसी ॲबी, हॅम्पशरमधील हिलियर उद्यान, डनम मॅसी आणि वेल्समधील बॉडनंट येथे अशा बागा झाल्या.

प्रकाश : या बागेचा विचार उन्हाच्या कोनापासून सुरू करावा लागतो. केंब्रिज येथे (अक्षांश सु. ५२° उ.) २१ डिसेंबरच्या सुमारास माध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून जेमतेम १४ अंश वर असतो, पुण्यात त्याच दिवशी तो सुमारे ४८ अंशांवर असतो. इतके तिरपे ऊन फांद्यांमधून आणि गवताच्या तुऱ्यांमधून आरपार जाते. म्हणून तुरे पाहणारा आणि सूर्य यांच्यामध्ये येतील असे लावतात. रंगीत खोडांचे उलट आहे. त्यांच्यावर ऊन समोरून पडावे लागते आणि मागे यूसारखी गडद पार्श्वभूमी असावी लागते.

रंगीत खोडे : कॉर्नस प्रजातीतील (डॉगवुड) क्षुपे सर्वाधिक वापरात आहेत. कॉर्नस आल्बाच्या ‘सिबिरिका’ प्रकाराची खोडे लालभडक, कॉ. सेरिसियाच्या ‘फ्लॅविरेमिया’ची पिवळसर हिरवी आणि कॉ. सँग्विनियाच्या ‘मिडविंटर फायर’ची नारिंगी असतात. लाल रंग सालीतील अँथोसायनिन रंगद्रव्यांचा असून तो कोवळ्या, उन्हात वाढलेल्या फांद्यांवरच खुलतो. जून खोडे मळकट होतात. त्यामुळे मार्चअखेर झुडूप जमिनीलगत कापतात. एरवी क्रूर वाटणाऱ्या या छाटणीवरच पुढच्या हिवाळ्याचा रंग अवलंबून असतो. पांढऱ्या खोडांच्या काटेरी रुबस जाती व नारिंगी फांद्यांचे वाळुंज (सॅलिक्स) यांनाही हाच नियम लागू आहे. चीनमधून आलेल्या एसर ग्रिसियम या मॅपलची दालचिनी रंगाची, पापुद्र्यांनी सुटणारी साल मात्र वयाबरोबर खुलते.

भूर्जाचा प्रश्न : पांढऱ्या खोडासाठी ज्या वृक्षाला आज पहिली पसंती आहे तो आपल्या हिमालयातील भूर्ज (बेट्युला युटिलिस) होय. याच्या सालीवर लिहिलेल्या भूर्जपत्रांच्या पोथ्या प्रसिद्ध आहेत; गणिताच्या इतिहासात महत्त्वाचे असलेले बख्शाली हस्तलिखित भूर्जपत्रावरच आहे. वनस्पतिवैज्ञानिक डेव्हिड डॉन यांनी १८२५ मध्ये नेपाळातील सामग्रीवरून या जातीचे वर्णन केले. ‘युटिलिस’ म्हणजे उपयुक्त. १८४१ मध्ये एद्वार स्पाक यांनी पश्चिम हिमालयातील पांढऱ्या सालीचा भूर्ज बेट्युला जॅकमाँटाय या नावाने वेगळा केला. व्हिक्टर झाकमाँ (१८०१–३२) या फ्रेंच निसर्गवैज्ञानिकावरून हे नाव आले. काश्मीर व पश्चिम हिमालयात हिंडून झाल्यावर झाकमाँ दख्खनमार्गे मुंबईस आले आणि ७ डिसेंबर १८३२ रोजी तेथेच वारले.

ही वेगळी जाती मानावी, की भूर्जाचाच प्रकार किंवा उपजाती मानावी, यावर मतभेद आहेत. पूर्वेकडील झाडांची साल तांबूस-तपकिरी व पश्चिमेकडील झाडांची शुभ्र असते, पण मधल्या पट्ट्यात हा बदल हळूहळू होत जातो आणि एका बिंदूवर रेघ ओढता येत नाही. वनस्पतिवैज्ञानिक विंकलर यांनी १९०४ मध्ये तिला प्रकाराचा दर्जा दिला. अलीकडचे काही अभ्यासक उपजाती म्हणतात. सलग बदल लक्षात घेता स्वतंत्र जातीचा दर्जा टिकणे कठीण वाटते. बागेच्या दृष्टीने हा वाद निव्वळ नावापुरता नाही. बियांपासून केलेल्या रोपांत शुभ्रता कमीअधिक उतरते; त्यामुळे ‘डोरेनबॉस’, ‘ग्रेजवुड घोस्ट’, ‘जर्मिन्स’ अशा निवडक झाडांची कलमेच लावतात. सालीचा पांढरेपणा बाहेरच्या त्वक्षा पेशींतील बेट्युलिन या द्रव्यामुळे येतो. ब्रिटनच्या ओल्या हवेत तीवर शैवल चढून हिरवट झाक येते, म्हणून काही ठिकाणी हिवाळ्याच्या तोंडावर खोडे चक्क पाण्याने धुतात. अँगलसी ॲबीची वळणदार वाट ज्या भूर्जराईत संपते, तेथेही ही प्रथा आहे.

हिमालयातील इतर वनस्पतींचाही या बागांत मोठा वाटा आहे. डॅफ्ने भोलुआ हे क्षुप जानेवारी-फेब्रुवारीत दरवळते. नेपाळात याच्या सालीचा लोक्ता कागद होतो. वैद्यकात पाषाणभेद म्हणून परिचित असलेली बर्जेनिया सिलियाटा व तिच्या प्रजातीतील अन्य जाती या बागांत जमीन झाकण्यासाठी लावतात. त्यांपैकी काहींची पाने थंडीत लालसर होतात. व्हायबर्नम बॉडनँटेन्स या संकराचे एक जनक (व्हा. ग्रँडिफ्लोरम) हिमालयातील, तर दुसरे (व्हा. फॅरेराय) चीनमधील आहे.

फुले : विच हेझलच्या (हॅमामेलिस) फितीसारख्या पाकळ्या कडाक्याच्या थंडीत गुंडाळल्या जातात व ऊब येताच पुन्हा उलगडतात. जाई-जुईच्या प्रजातीतील जास्मिनम न्यूडिफ्लोरम रॉबर्ट फॉर्च्यून यांनी १८४४ मध्ये चीनमधून इंग्लंडला नेले. ते निष्पर्ण फांद्यांवर पिवळे फुलते, पण त्याला वास नाही. आपल्याकडील वाचकाला ही जाई थोडी फसवी वाटेल. झाडांखाली स्नोड्रॉप, पिवळा एरँथिस, सायक्लामेन कूम आणि हेलेबोर लावतात.

गवते : तृणकुलाचा शोभेसाठी पद्धतशीर उपयोग हे मुख्यत्वे जर्मन रोपवाटिकांचे श्रेय होय. पॉट्सडॅमजवळील बोर्निमचे कार्ल फोर्स्टर (१८७४–१९७०) यांनी गवतांचा आयुष्यभर पुरस्कार केला. कॅलामॅग्रोस्टिस ॲक्युटिफ्लोराचा त्यांच्या नावाचा प्रकार त्यांना १९३० च्या दशकात हॅम्बुर्गच्या वनस्पती उद्यानात आढळला, असे सांगतात. हा संकर वंध्य असल्याने बी सांडून पसरत नाही. उभे, सुतासारखे सरळ ताटे आणि गव्हाळ रंग यांमुळे तो फेब्रुवारीपर्यंत टिकतो. मिस्कँथस सायनेन्सिस हे पूर्व आशियातील गवत उसाचे जवळचे नातलग असून त्याचे तुरे पाहिले की नदीकाठचे काश आठवावे. उत्तर जर्मनीच्या थंड उन्हाळ्यात ते पूर्वी फुलतच नसे. लीर येथील रोपवाटिकाकार एर्न्स्ट पागेल्स (१९१३–२००७) यांनी लवकर फुलणारे वाण निवडून काढल्यावर ते तेथील हिवाळी बागेत आले.

येथे शरीरक्रियेचा भेद ध्यानात घ्यावा लागतो. मिस्कँथस व पॅनिकम ही ज्वारी-मक्याप्रमाणे सी-४ (उबदार हवेत जोमाने वाढणारी) गवते. ती उशिरा वाढीस लागतात आणि शरद ऋतूत फुलतात. कॅलामॅग्रोस्टिस व डेशँप्सिया ही सी-३ (थंड हवेत वाढणारी) गवते वसंतात वाढून उन्हाळ्यातच वाळतात. दोन्ही गटांचे मिश्रण असल्यास तुऱ्यांचा हंगाम लांबतो. वाळलेले ताट उभे राहण्यास लिग्निन व सिलिका कारणीभूत असतात. मोलिनियाची उंच ताटे मात्र हिवाळ्याच्या आरंभीच बुडाशी सुटून आडवी होतात. शरदात कितीही देखणे असले तरी हिवाळी बागेच्या यादीत ते वरच्या क्रमांकावर ठेवणे योग्य नव्हे.

डच उद्यानरचनाकार पीट औडॉल्फ (जन्म १९४४) यांनी नेदर्लंड्समधील हुमेलो येथे वाळलेली बोंडे व गवते वसंतापर्यंत न कापता ठेवण्याची रीत दृढ केली. न्यूयॉर्कच्या हाय लाइन या जुन्या उन्नत रेल्वेमार्गावरील उद्यानात (पहिला टप्पा २००९) हेच तत्त्व वापरले असून तेथील सामूहिक कापणी मार्चच्या सुमारास होते. काही लेखक या शैलीला हिवाळी बागेत गणत नाहीत, कारण ती बारमाही आहे. परंतु दहिवर बसलेले वाळके तुरे हेच तिचे हिवाळी रूप असल्याने तिला वगळण्यास सबळ कारण दिसत नाही. कापणी नवे कोंब फुटण्यापूर्वी करतात. सदाहरित कॅरेक्स व बारीक पानांचे नॅसेला कापत नाहीत, हातमोजे घालून विंचरतात. पूर्व अमेरिकेत मिस्कँथस रानोमाळ पसरले आहे, तेव्हा तेथे स्थानिक पॅनिकम व्हर्गेटम लावणे बरे.

महाराष्ट्रात हिवाळा हा उलट फुलांचाच हंगाम असल्याने या अर्थाची बाग येथे संभवत नाही. पिटुनिया, फ्लॉक्स, शेवंती, डेलिया यांचे वाफे थंडीत भरात असतात आणि पुण्याच्या एम्प्रेस गार्डनमधील पुष्पप्रदर्शनही जानेवारीतच भरते. सह्याद्रीच्या पठारांवर याच दिवसांत कुसळी गवत पिवळे पडून वाऱ्यावर लवते. बागेत ते कोणी लावत नाही, कारण त्याची कुसळे कपड्यांत शिरतात.