जुन्या मोटारहोमला व्हिंटेज नंबर घ्यायचाय? आधी हे वाचा

गाडीला पन्नास वर्षं झाली की ती आपसूक व्हिंटेज होते, असं पुष्कळ जण धरून चालतात. प्रत्यक्षात त्यासाठी अर्ज करावा लागतो, पैसे भरावे लागतात आणि नंबर मिळाल्यावर गाडीच्या पायात एक बेडीही पडते. बाकीच्या जुन्या गाड्यांना ती फारशी टोचत नाही, मोटारहोमला मात्र चांगलीच टोचते.

कोल्हापुरात जुन्या गाड्यांचा तोटा नाही. दसऱ्याला दसरा चौकात येणारी छत्रपती घराण्याची मेबॅक इथली लहान पोरंसुद्धा ओळखतात. मोटारहोम मात्र दुर्मीळ. आत झोपायचे बाक, छोटा ओटा, कपाट, दुमडायचं टेबल असलेली व्हॅन आजोबांनी कधीतरी हौसेनं घेतलेली असते, आणि आता ती बंगल्यामागच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली उभी असते. नातवंडांपैकी एकाला एक दिवस तिचा पुळका येतो आणि आरटीओच्या फेऱ्या सुरू होतात. हा लेख त्या नातवंडासाठी आहे.

कायदा काय म्हणतो

२०२१ च्या जुलैपर्यंत आपल्याकडे व्हिंटेज गाडीसाठी देशभर एकसारखी नोंदणीपद्धत नव्हती. त्या महिन्यात केंद्रीय मोटार वाहन नियमांत ८१-ए पासूनचे नवे नियम आले. पहिली विक्री होऊन नोंदणी झाली त्या तारखेपासून पन्नास वर्षं उलटलेली, खासगी वापराची दुचाकी किंवा चारचाकी त्यात बसते. परदेशातून आणलेली गाडीही चालते.

इथं मोजायची ती पहिल्या नोंदणीची तारीख. कारखान्यातून गाडी १९७४ साली बाहेर पडली, पण शोरूममध्ये पडून राहून तिचं पासिंग १९७६ च्या मार्चमध्ये झालं असेल, तर पन्नास वर्षं भरतात २०२६ च्या मार्चमध्ये. इंजिनावरच्या पट्टीवरचं साल दाखवून वाद घालण्यात अर्थ नाही.

दुसरी अट गाडीच्या मूळ रूपाची. चासी, बॉडीचा सांगाडा किंवा इंजिन यांत मोठा फेरबदल झालेला नसावा. शिवाजी उद्यमनगरात जुन्या इंजिनाचा बुश, पिस्टन, गिअरचा दात असं काहीही हुबेहूब बनवून मिळतं. तशी दुरुस्ती मूळ रूपाला धरूनच असते. पण पेट्रोल इंजिन काढून एखाद्या जीपचं डिझेल इंजिन बसवलं असेल, तर गोष्ट निराळी. आपल्याकडे सत्तर-ऐंशीच्या दशकांत पेट्रोल परवडेना म्हणून कितीतरी गाड्यांची इंजिनं बदलली गेली. त्यातल्या काहींच्या आरसी बुकात त्याची नोंद आहे, काहींच्या नाही. नोंद असली तरी व्हिंटेजच्या व्याख्येत ती गाडी अडकते. नोंद नसेल तर अडचण दुहेरी, कारण आरसीवरचा इंजिन नंबर आणि गाडीतला नंबर जुळतच नाही.

मोटारहोमचा खरा पेच

फोक्सवॅगनची टाइप टू व्हॅन १९५० साली आली आणि पुढच्याच वर्षी जर्मनीतल्या वेस्टफालियानं तिच्यासाठी झोपण्या-राहण्याची मांडणी तयार केली. अशी मुळातच राहण्यासाठी सजवलेली गाडी तुमच्याकडे असेल, तर ते बाक-कपाट तिच्या मूळ रूपाचा भाग आहे. ते काढून टाकू नका. निरीक्षकाला दाखवायला त्या काळचं माहितीपत्रक, आजोबांनी सहलीत काढलेले फोटो, खरेदीची पावती, जे सापडेल ते बरोबर ठेवा.

आपल्याकडच्या बहुतेक 'मोटारहोम' मात्र तशा नसतात. साधी प्रवासी व्हॅन घ्यायची, मागची आसनं काढायची, सुताराकडून पलंग आणि कपाटं करून घ्यायची, छत कापून उंच करायचं, हा आपला प्रकार. सुताराचं सामान चार बोल्टांवर बसलेलं असेल तर ते उतरवून मूळ आसनं परत बसवता येतात. छत कापलं असेल तर बॉडीचा सांगाडाच बदलला, आणि तिथं व्हिंटेजचा विषय जवळपास संपतो. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये हे कडकपणे सांगितलं आहे. त्यामुळे गॅरेजवाला 'चालतंय की, कोण बघतंय' म्हणाला तरी निरीक्षक टॉर्च घेऊन बघतो.

आता गाडीचा आकार. चारचाकींपैकी व्हिंटेजचे नियम 'एम-वन' प्रकाराला लागू आहेत, म्हणजे ड्रायव्हर सोडून जास्तीत जास्त आठ आसनांची प्रवासी गाडी. टाटा-मर्सिडीझच्या सांगाड्यावर बांधलेली बस कुणी घर म्हणून सजवली असेल, तर ती कितीही जुनी आणि देखणी असो, इथं बसत नाही. गाडीमागं ओढायचा कॅरॅव्हॅन ट्रेलरही नाही. त्याला इंजिनच नाही.

मधे एक खाचखळगा आहे. कायद्यात 'ओम्नीबस' म्हणजे ड्रायव्हर सोडून सहापेक्षा जास्त माणसांसाठी बांधलेली गाडी. त्यामुळे सात-आठ आसनी व्हॅनच्या जुन्या आरसीवर 'ओम्नीबस' लिहिलेलं सापडू शकतं. तेवढ्यानं अर्ज फेटाळला जाईल असं समजू नका. आसनसंख्या आणि एम-वनची व्याख्या पुढं ठेवून कार्यालयाला लेखी विचारा, आणि उत्तरही लेखी घ्या. खिडकीवरच्या तोंडी उत्तराचं आयुष्य पुढच्या बदलीपर्यंतच.

कागद

अर्ज नमुना २० मध्ये करायचा. सोबत चालू विमा, शुल्क, गाडी भारतात आधीच नोंदलेली असेल तर जुनी आरसी, आणि परदेशातून आणलेली असेल तर कस्टम्सची बिल ऑफ एंट्री. नव्या व्हिंटेज नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये, पुढच्या फेरनोंदणीचं ५,००० रुपये. नियमानुसार साठ दिवसांच्या आत नमुना २३-ए मधलं नोंदणी प्रमाणपत्र मिळायला हवं.

यादी एवढीशीच आहे. पण शेडमधल्या गाडीची आरसी क्वचितच स्वच्छ असते, आणि खरा वेळ तिथंच जातो.

सगळ्यात पहिली भानगड नावाची. आरसी आजोबांच्या नावावर, आजोबा जाऊन वीस वर्षं झाली, मधे वडीलही गेले. मालक वारल्यावर वारसानं तीस दिवसांत आरटीओला कळवायचं आणि तीन महिन्यांत नमुना ३१ मध्ये नाव चढवायचा अर्ज करायचा, असा नियम आहे. तो आपल्यापैकी फारच थोड्यांनी पाळलेला असतो. उशिराचा दंड भरून हे करता येतं. मृत्यूचा दाखला, वारस असल्याचा पुरावा, आणि बाकीच्या वारसांचं संमतिपत्र हवं. या संमतिपत्रावर सगळं घोडं अडतं. ताडपत्रीखालच्या गाडीकडे वीस वर्षं कुणी ढुंकून बघत नाही, पण 'व्हिंटेज' हा शब्द कानावर पडला की पुण्याच्या काकांना आणि बेळगावच्या आत्याला एकदम आपला वाटा आठवतो. त्यामुळे आधी घरात बोलून सह्या घ्या, मग आरटीओचं तोंड पाहा.

दुसरी भानगड कर्जाची. १९७२ साली एखाद्या सहकारी बँकेचं कर्ज काढून गाडी घेतलेली असते, कर्ज फिटलेलं असतं, पण आरसीवरचा बँकेचा बोजा कुणी काढलेलाच नसतो. तो काढायला बँकेच्या सहीचा नमुना ३५ लागतो. बँक दुसऱ्या बँकेत विलीन झाली असेल तर त्या दुसऱ्या बँकेकडे जावं लागतं. याला महिनेसुद्धा लागू शकतात, म्हणून हे काम सगळ्यांत आधी हातात घ्या.

तिसरी, आरसी हरवलेली किंवा भिजलेली. २०१९ आणि २०२१ च्या पुरात आपल्याकडे किती घरांतली कपाटं पाण्यात गेली ते वेगळं सांगायला नको. हरवलेल्या आरसीसाठी पोलिसांकडे नोंद करून नमुना २६ मध्ये दुय्यम प्रत मागायची. फाटलेली, शाई पसरलेली मूळ प्रत असेल तर ती टाकून देऊ नका, तशीच जोडा.

आणि गाडीचा जुना नंबर कॉम्प्युटरवर दिसतच नाही असंही होतं. जुने रेकॉर्ड रजिस्टरमध्ये हातानं लिहिलेले आहेत. ते वाहन पोर्टलवर चढवल्याशिवाय पुढचं कोणतंच काम होत नाही. याला कार्यालयात बॅकलॉग एंट्री म्हणतात. जुनी आरसी, कराच्या पावत्या, जुन्या विम्याचे कागद, चासी आणि इंजिन नंबर हे सगळं घेऊन जा. चासी नंबर गंजाखाली दडलेला असेल तर सँडपेपरनं घासू नका, अक्षरंच जातील. रॉकेलचं फडकं आणि संयम, मग पेन्सिल घासून कागदावर ठसा.

गाडी दुसऱ्या जिल्ह्यात नोंदलेली असेल तर तिथून नमुना २८ चं ना-हरकत प्रमाणपत्र लागेल. रखडलेला कर आणि पर्यावरण कर असेल तो भरावाच लागेल, त्यात फार चर्चा नाही.

विम्यात एक गंमत आहे. विमा कंपन्यांच्या जुन्या टॅरिफमध्ये व्हिंटेज कार म्हणजे १९४० सालअखेरच्या आत बनलेली, आणि तिला स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यात २५ टक्के सूट. तुमची १९६८ ची व्हॅन आरटीओच्या लेखी व्हिंटेज ठरली, तरी ती सूट मागायला जाऊ नका. थर्ड पार्टी विमा मात्र सक्तीचाच आहे.

नंबर कुठला मिळतो

गाडी आधीच नोंदलेली असेल तर तिचा मूळ नंबर ठेवता येतो. १९८९ पूर्वीच्या तीन अक्षरी नंबराची गाडी असेल तर तो नंबर जपा, त्याची ऐट वेगळीच आहे. नव्यानं नोंदणी होणाऱ्या, म्हणजे बहुधा परदेशातून आणलेल्या गाडीला नव्या मालिकेतला नंबर मिळतो: आधी राज्याची अक्षरं एमएच, मग व्हिंटेजसाठी व्हीए, त्यापुढे मालिकेची दोन अक्षरं आणि ०००१ ते ९९९९ मधला आकडा. त्यात जिल्ह्याचा क्रमांक नसतो. मुंबईच्या रस्त्यावर '०९' दिसला की हॉर्न वाजवून हात करणाऱ्या कोल्हापूरकरानं हे आधीच लक्षात घ्यावं.

आता ती बेडी

व्हिंटेज म्हणून नोंदलेली गाडी रोजच्या वापरासाठी किंवा धंद्यासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, व्हिंटेज रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणं, दुरुस्ती आणि त्यासाठीची ये-जा, एवढीच मोकळीक. जुन्या कारवाल्याला हे पुरतं. वर्षातून दोन रॅल्या आणि अधूनमधून गॅरेज. पण मोटारहोम घेतात कशासाठी? दाजीपूरला रात्र काढायला, गगनबावड्याच्या घाटाशी गाडी लावून सकाळचा चहा करायला, दिवाळीत कोकणात उतरायला. व्हिंटेज नंबरावर यातलं काहीही नियमात बसत नाही. मोटारहोम भाड्यानं देऊन चार पैसे मिळवायचा बेत असेल, तर तोही सोडा.

म्हणून माझं मत असं, की गाडीत खरोखर झोपायचं असेल तर व्हिंटेजच्या वाटेला जाऊच नका. साधी नोंदणी चालू ठेवा. खासगी वापराची कॅम्पर व्हॅन केंद्राच्या वाहनप्रकारांच्या यादीत बिगर-परिवहन गटात येते. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नमुना २५ भरून, गाडी तपासून नोंदणी वाढवून मिळते. ऑगस्ट २०२५ पासून वीस वर्षांवरच्या हलक्या मोटार वाहनाला यासाठी १०,००० रुपये लागतात, आयात केलेल्या चारचाकीला ८०,०००. हा दुसरा आकडा पाहून परदेशी व्हॅनचे मालक व्हिंटेजकडे वळतात, आणि ते समजण्यासारखं आहे. देशी गाडीवाल्याला मात्र ती गरज नाही. ब्रेक, स्टिअरिंग, दिवे आणि धूर तपासणीत पास होतील एवढी गाडी ठाकठीक असेल, तर दहा हजारांत पाच वर्षं हिंडायची मोकळीक मिळते.

गाडी इतकी थकली असेल की घाट चढणार नाही, पण जशीच्या तशी जपायची आहे, तर व्हिंटेज नोंदणी घ्या. पुढे विकायची झाली तर व्हिंटेज नोंदणीची गाडी विकता येते. विकणारा आणि घेणारा, दोघांनीही आपापल्या राज्याच्या परिवहन खात्याला कळवायचं. घेणाऱ्याला रस्त्यावरच्या बंधनाची कल्पना सौदा ठरण्याआधीच द्या, नाहीतर पहिल्याच सहलीला नाक्यावर पोलिसांनी अडवलं की तो फोन तुम्हालाच लावणार.