पम्पकिन पायमधलं जायफळ

अमेरिकेत सप्टेंबर लागला की बेकऱ्यांत आणि कॉफीच्या दुकानांत दालचिनी-जायफळाचा वास सुटतो, तो नोव्हेंबरातल्या थँक्सगिव्हिंगच्या सणापर्यंत राहतो. पम्पकिन पायची, म्हणजे पिठाच्या पारीत भाजलेल्या भोपळ्याच्या गोड पदार्थाची, ही चव तिथे अगदी घरगुती मानली जाते. खरं तर भोपळा तेवढा तिथल्या मातीतला. मसाला सगळा जहाजांतून आलेला, आणि तोही फारशा सभ्य मार्गाने नव्हे.

सतराव्या शतकात व्यापारातलं जायफळ आजच्या इंडोनेशियातल्या चिमुकल्या बांदा बेटांवरून यायचं. १६२१ मध्ये डच ईस्ट इंडिया कंपनीच्या यान पीटरझून कूनने ती बेटं जिंकली. सुमारे १५ हजार रहिवाशांपैकी बहुतेक मारले गेले, गुलाम झाले किंवा परागंदा झाले. बी दुसरीकडे रुजू नये म्हणून पुढे डच जायफळं चुन्यात बुडवून विकत. थँक्सगिव्हिंगचं मूळ म्हणून सांगितली जाणारी, अमेरिकेतल्या प्लिमथ या इंग्रज वसाहतीतली सुगीची मेजवानीही १६२१ चीच. चित्रांत तिथे पम्पकिन पाय हमखास दिसतो, पण वसाहतीत तेव्हा गव्हाच्या पिठाचा आणि लोण्याचाच तुटवडा होता.

युरोपात मसालेदार केक मात्र जुनेच. जर्मनीतल्या न्यूरेम्बर्गमध्ये मध-मसाल्याचे लेबकुखन भाजणाऱ्यांचा स्वतंत्र संघ १६४३ मध्ये झाला.

भोपळ्याचा पाय ओळखीच्या रूपात छापला गेला तो १७९६ मध्ये, अमेलिया सिमन्सच्या ‘अमेरिकन कुकरी’ या पाककृतींच्या पुस्तकात. तिथे त्याचं नाव पुडिंग आहे आणि कृती दोन आहेत. पहिलीत शिजवून गाळलेला एक क्वार्ट (सुमारे लिटरभर) भोपळा, तीन पाइंट (सुमारे दीड लिटर) साय, ९ अंडी, साखर, जायपत्री, जायफळ, आलं. सगळं पिठाच्या पारीत ओतून पाऊण तास भाजायचं. दुसरीत साय नाही, दूध आहे. अंडी ४, साखरेऐवजी मोलॅसिस (साखर करताना उरणारी काकवी) आणि जायफळाऐवजी ऑलस्पाइस (मिरीसारखं दिसणारं सुगंधी फळ). माझ्या मते ही बेताच्या खिशाची कृती. पण मोलॅसिस आणि ऑलस्पाइस दोन्ही कॅरिबियन बेटांवरचे, म्हणजे मळ्यांतल्या गुलामांच्या कष्टातून आलेले. याच पुस्तकात पीठ फुगवायला पर्लअ‍ॅश, म्हणजे लाकडाच्या राखेतून काढलेला क्षार, वापरला आहे. त्याआधी भिस्त यीस्टवर किंवा अंडी फेटणाऱ्या हातांवर असे.

इंग्रजांनी १७९६ मध्येच बांदा घेतली. तिथली रोपं पुढे पेनांगला गेली, १८४३ मध्ये जायफळ कॅरिबियनमधल्या ग्रेनाडातही पोचलं आणि डचांची मक्तेदारी संपली.

थँक्सगिव्हिंगच्या सणाला सरकारी शिक्का मिळवून देण्यात संपादिका सारा जोसेफा हेल यांचा मोठा वाटा. त्यांनी वर्षानुवर्षं पत्रं लिहिली आणि १८६३ मध्ये राष्ट्राध्यक्ष लिंकन यांनी सणासाठी नोव्हेंबरचा शेवटचा गुरुवार जाहीर केला.

मग कारखाने आले. लिबीज कंपनीने १९२९ मध्ये भोपळ्याचा गर डब्यात भरला. मॅकॉर्मिक या मसाला कंपनीने १९३४ मध्ये तयार मसाल्याची डबी विकायला काढली, त्यामुळे जायफळ किसायचं कामही गेलं. स्टारबक्सची पम्पकिन स्पाइस लाटे ही दुधाची कॉफी २००३ ची. तिच्यात २०१५ पर्यंत भोपळा नव्हताच, आणि गिऱ्हाइकांचं त्यावाचून काही अडलंही नव्हतं.