बंद तंबूतली गाडी का गंजते?

डिसेंबर लागला की ग्वाल्हेरमधल्या लष्कर-मुरारकडची काही मराठी घरं महिना-दोन महिन्यांसाठी बंद होतात. मुलं पुण्याला नाहीतर बंगळुरूला, म्हणून आजी-आजोबाही धुकं सरेपर्यंत तिकडेच. गाडी मात्र इथेच राहते, अंगणात पाइपांच्या सांगाड्यावर ताडपत्री ओढलेल्या तंबूत. निघण्याआधी ताडपत्री चारी बाजूंनी जमिनीपर्यंत ओढली जाते, कडांवर विटा ठेवल्या जातात, पुढची चेन वरपासून खालपर्यंत लावली जाते. आत थंडी शिरू नये, एवढाच हेतू. पण गाडीचं नुकसान होतं ते नेमकं याच घट्ट बंदोबस्तामुळे.

थंडीने पत्र्याचं काही बिघडत नाही. जानेवारीत ग्वाल्हेरचा पारा ५-६ अंशांवर येतो, कधी त्याहून खाली. पण तेवढ्याने ना कूलंट गोठत ना बॅटरी. असे तंबू मूळचे बर्फाच्या मुलखातले. कॅनडाच्या क्युबेक प्रांतात ते हिवाळ्यापुरते दारोदारी उभे राहतात आणि साचणारा बर्फ अंगावर झेलतात. तंबू आपल्याही गावाला नवा नाही म्हणा. लष्कर ही वस्तीच १८१० च्या सुमारास दौलतराव शिंद्यांच्या छावणीतून उभी राहिली. पण आपल्याकडे बर्फ पडत नाही, धुकं पडतं, आणि धुक्याच्या गावात तंबूचं काम बदलतं.

हवेत पाण्याची वाफ किती मावेल हे तापमानावर ठरतं. २५ अंशांना एका घनमीटर हवेत सुमारे २३ ग्रॅम वाफ मावते, ६ अंशांना जेमतेम ७ ग्रॅम. तंबू ६ मीटर लांब, ३ मीटर रुंद आणि सव्वादोन मीटर उंच धरला, तर आत ४० घनमीटर हवा झाली. दुपारी ताडपत्रीवर ऊन पडलं की आतली हवा सहज २५ अंशांवर जाते. खाली माती असेल तर तिच्यातली ओल वर येते आणि बाहेर पडायला वाट नसल्याने हवा वाफेने पूर्ण भरते. रात्री तीच हवा ६ अंशांवर उतरली की प्रत्येक घनमीटरमागे १६ ग्रॅम पाणी बाहेर पडतं. एकूण ६४० ग्रॅम, म्हणजे अर्ध्या लिटरहून जास्त! ते ताडपत्रीला आतून लागतं, थेंब होऊन टपावर पडतं, खिडक्यांवर आणि ब्रेकच्या डिस्कवर बसतं. दुसऱ्या दिवशी माती पुन्हा पाणी पुरवायला तयारच असते.

सकाळची वेळ त्याहून वाईट. दहा-अकराला धुकं फाटतं आणि ताडपत्रीखालची हवा झटकन तापते. इंजिनाचा ठोकळा, डिस्क, चाकांचे हब हे जड धातूचे भाग मात्र रात्रीचे गारठलेलेच असतात. उबदार, दमट हवा त्यांना टेकली की तिथे दव धरतं. म्हणजे बाहेर लख्ख ऊन पडलेलं असताना आत लोखंड भिजत असतं.

त्या एका थेंबाखाली काय चालतं, हे केंब्रिजच्या युलिक इव्हान्स यांनी १९२६ मध्ये एका देखण्या प्रयोगातून दाखवलं. त्यांनी पोलादाच्या पत्र्यावर खारट पाण्याचा थेंब ठेवला. थेंबाच्या कडेला हवेतला ऑक्सिजन सहज पोचतो, मध्यभागी कमी पोचतो. या फरकामुळे थेंबातच एक छोटी विद्युतघटमाला तयार होते : मध्यावर लोखंड विरघळतं, कडेला ऑक्सिजन वापरला जातो आणि दोन्हींच्या मध्ये गंजाचं कडं उमटतं. म्हणूनच गंज खड्डा पाडत आत जातो. आपल्याकडे बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ टाकत नाहीत, पण धुळीतही क्षार असतात. म्हणून गाडी ठेवण्याआधी खालूनही धुवावी आणि पूर्ण वाळवावी. हे काम मला ताडपत्रीपेक्षाही मोलाचं वाटतं.

मग तंबू हवाच कशाला? छपरासाठी. निरभ्र रात्री उघड्यावरचा टप आपली उष्णता आकाशाकडे उत्सर्जित करतो आणि भोवतालच्या हवेपेक्षाही थंड होतो. दव पडण्याचं हे कारण विल्यम वेल्स यांनी १८१४ मध्ये मांडलं. मधे छप्पर आलं की गाडीला आकाश दिसत नाही, ती हवेइतकीच थंड राहते आणि दव तिच्याऐवजी छपरावर पडतं. तंबूकडून एवढंच घ्यायचं. भिंती मोकळ्या राहू द्या.

दोन्ही बाजूंची ताडपत्री जमिनीपासून वीतभर वर बांधा आणि पुढे-मागे छपराच्या कण्याजवळ फट ठेवा. उबदार दमट हवा हलकी असते. ती वरून निघते, खालून कोरडी आत येते. या फटींतून रात्री धुकंही आत येईल. येऊ द्या, गाडी हवेपेक्षा थंड नसेल तर ते तिच्यावर फारसं पाणी धरत नाही, आणि दुपारची कोरडी हवा जे धरलं असेल ते घेऊन जाते. खाली माती असेल तर त्यावर जाड प्लास्टिक अंथरा. गाडीवर थेट प्लास्टिक मात्र घालू नका. झाकायचीच असेल तर हवा खेळेल असं सुती कापड घ्या.

बॅटरीचं ऋण टोक काढून ठेवा. गाडी बंद असतानाही अलार्म आणि संगणक मिळून ५० मिलिअँपिअर ओढत असतील तर दिवसाला १.२ अँपिअर-तास जातात; ३५ अँपिअर-तासांची बॅटरी महिन्याभरात रिकामी होते. हँडब्रेक ओढून ठेवू नका, नाहीतर पॅड किंवा लायनर गंजाने चिकटतात. गाडी गिअरमध्ये ठेवून चाकांना विटा लावा. टायरमध्ये हवा पुरेशी भरा, थंडीत दाब कमी होतो.

शेजारच्या काकांना किल्ली देऊन "आठवड्याला पाच मिनिटं चालू करा हो" असं सांगण्याची पद्धत आहे. कृपया सांगू नका. एक लिटर पेट्रोल जळताना जवळपास एक लिटर पाणी तयार होतं. पाच मिनिटांत सायलेन्सर पुरता तापत नाही, त्यामुळे त्यातलं बरंच पाणी आतच साचतं. काही इंजिनाच्या तेलातही उतरतं. शिवाय बंद तंबूत कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि तो जीव घेऊ शकतो. परत आल्यावर बॉनेटखाली उंदरांनी वायरी कुरतडल्या नाहीत ना, हे बघा आणि गाडी उघड्यावर काढा. पहिल्या दिवशी अर्धा तास तरी सलग चालवा, म्हणजे इंजिन आणि सायलेन्सर पूर्ण तापून साचलेलं पाणी उडून जाईल.