चिप तीच, बोर्ड वेगळा

२०१४ च्या ऑगस्टच्या सुमारास हौशी इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांच्या हाती आठ पिनांची, अंगठ्याच्या पेराएवढी एक पट्टी पडली. नाव ईएसपी-०१. आर्डुइनो या हौशी लोकांच्या छोट्या प्रोग्रॅम करता येणाऱ्या बोर्डाला वायफाय जोडून द्यायचं, एवढंच तिचं काम. शांघायच्या एस्प्रेसिफ कंपनीची ईएसपी८२६६ ही चिप तिच्यावर होती आणि तिची माहितीपत्रकं सुरुवातीला चिनी भाषेतच होती. लोकांनी ती उलगडून वाचली तेव्हा गंमत लक्षात आली. ज्या आर्डुइनो उनोला ही जोड द्यायची तो ८ बिटांचा, १६ मेगाहर्ट्झवर चालणारा, २ किलोबाइट रॅमचा. जोड मात्र ३२ बिटांची आणि ८० मेगाहर्ट्झची. नाकापेक्षा मोती जड! पुढच्याच वर्षी या चिपसाठी थेट आर्डुइनोच्या पद्धतीनं प्रोग्रॅम लिहायची सोय झाली आणि मधला आर्डुइनो अनेकांच्या टेबलावरून उठूनच गेला.

आता असे चिमुकले वायफाय बोर्ड इतके झालेत की नवख्याला काय घ्यावं ते सुचत नाही. प्रश्न ठरलेला असतो: एस्प्रेसिफचीच नवी ईएसपी३२ घेऊ, ८२६६ घेऊ, की रास्पबेरी पायचा पिको? माझ्या मते हा प्रश्न दुय्यम आहे. तापमान मोजून पाठवायचं, दिवा चालू-बंद करायचा, कुंडीतल्या मातीचा ओलावा बघायचा, या कामांना यातली कुठलीही चिप पुरून उरते. प्रकल्प नीट चालणार की नाही हे ठरतं ते चिपच्या भोवती बोर्ड बनवणाऱ्यानं काय लावलंय त्यावर.

इथे तीन थर असतात. सगळ्यात आत चिप. तिच्याबरोबर प्रोग्रॅम साठवणारी फ्लॅश मेमरी, ठेका देणारा क्रिस्टल आणि अँटेना एकत्र करून, वर पत्र्याचं झाकण घालून तयार होतं ते मॉड्यूल. मॉड्यूलला यूएसबीचं सॉकेट, व्होल्टेज उतरवणारा रेग्युलेटर, बटणं आणि पिना जोडल्या की बोर्ड. नोडएमसीयू आणि डी१ मिनी या दोन बोर्डांत चिप एकच, ईएसपी८२६६. तरी ब्रेडबोर्डवर (सोल्डर न करता तारा खोचायच्या भोकांच्या पाटीवर) लावून बघितलं की पहिला ऐसपैस आणि दुसरा आटोपशीर, हे लगेच कळतं.

चिपांची वंशावळ थोडक्यात सांगतो. ईएसपी३२ आली २०१६ मध्ये: दोन कोअर, २४० मेगाहर्ट्झ, ५२० किलोबाइट रॅम आणि ब्लूटूथ. पुढे तिच्याच घराण्यात ईएसपी३२-एस२ आली, तिच्यात ब्लूटूथ नाही. एस३ दणकट, कॅमेरा किंवा स्क्रीन लावायचा असेल तर तीच घ्यावी. सी३ एका कोअरची, रिस्क-व्ही या खुल्या प्रोसेसर-रचनेची, १६० मेगाहर्ट्झची. आज पहिला बोर्ड घेणाऱ्याला मी डोळे झाकून हीच सुचवीन. सी६ मध्ये वायफाय ६ आणि शिवाय झिगबी व थ्रेड या घरगुती उपकरणांच्या बिनतारी जोडण्यांसाठी लागणारा रेडिओ आहे. एच२ घेताना मात्र जपून: नाव त्याच घराण्यातलं, पण तिच्यात वायफायच नाही. दुसऱ्या घराण्यातला रास्पबेरी पाय पिको डब्ल्यू २०२२ चा. त्याची कागदपत्रं वाचायला सगळ्यात सुखाची आणि मायक्रोपायथॉन (अशा चिपांसाठीची छोटी पायथॉन भाषा) शिकायला तो उत्तम. त्याच्यावरचा वीजपुरवठा १.८ ते ५.५ व्होल्टपर्यंत काहीही पचवतो. झोपेत मात्र तो ईएसपीइतकी काटकसर करत नाही. जुनी ८२६६ अजून कामाची आहे, पण सुरक्षित म्हणजे एचटीटीपीएस जोडणी करायची म्हटलं की तिच्या रॅमची ओढाताण होते.

आता मुख्य मुद्दा, वीज. बोर्ड भिंतीतल्या चार्जरवर चालणार असेल तर फारसा विचार करू नका. बॅटरीवर चालवायचा असेल तर कागद-पेन घ्या.

समजा, दर १५ मिनिटांनी जागं होऊन तापमान पाठवणारा सेन्सर करायचाय आणि बॅटरी आहे २००० मिलीअँपिअर-तासांची. ईएसपी८२६६ गाढ झोपेत, म्हणजे डीप स्लीपमध्ये, सुमारे २० मायक्रोअँपिअर घेते. जागी असताना सरासरी ८० मिलीअँपिअर धरू. जागं होणं, राउटरला जोडणं आणि माहिती पाठवणं यात ५ सेकंद गेले, तर ९०० सेकंदांवर विभागून सरासरी ०.४४ मिलीअँपिअर पडतात. झोपेचे ०.०२ मिळवा, झाले ०.४६. बॅटरी कागदावर सहा महिने टिकते. छान!

आता हीच चिप एखाद्या स्वस्त बोर्डावर बसवा. त्यावर बहुतेकदा एएमएस१११७ नावाचा रेग्युलेटर असतो, आणि चिप झोपलेली असली तरी तो स्वतःसाठीच ५ मिलीअँपिअरच्या आसपास खात बसतो. सहा महिन्यांचे झाले पंधरा दिवस. शेजारी पॉवरचा लाल एलईडी सतत जळत असेल तर तेवढेही नाहीत. चिपच्या माहितीपत्रकातले २० मायक्रोअँपिअर खरेच असतात, पण ते एकट्या चिपचे.

म्हणून बॅटरीसाठी बोर्ड निवडताना पहिल्यांदा रेग्युलेटरचा नंबर बघावा. बोर्डाचा फोटो मोठा करून यूएसबी सॉकेटजवळचा काळा तुकडा शोधा. तीन पाय आणि मागे एक रुंद पट्टी असेल तर तो बहुधा एएमएस१११७. पाच बारीक पायांचा एमई६२११ असेल तर तो शंभराच्या आतल्या मायक्रोअँपिअरमध्ये भागवतो. एएमएस१११७ ची आणखी एक खोड अशी, की ३.३ व्होल्ट द्यायला त्याला आत साधारण १.१ व्होल्ट जास्त लागतात, म्हणजे ४.४. लिथियम सेल पूर्ण भरलेला असतानाही ४.२ वर थांबतो. सेल ३.७ वर आला की चिपला मिळतात जेमतेम २.६, आणि ईएसपी३२ ला तर किमान ३ हवेत. अशा वेळी संगणकावर बोर्डाचे संदेश दाखवणाऱ्या सीरियल मॉनिटरवर ‘ब्राउनआउट’चा, म्हणजे व्होल्टेज कमी पडल्याचा, संदेश येऊन बोर्ड पुन्हापुन्हा सुरू होत राहतो आणि माणूस प्रोग्रॅममध्ये चूक शोधत बसतो. रेग्युलेटर टाळायचाच असेल तर लिथियम आयर्न फॉस्फेटचा सेल थेट ३.३ व्होल्टच्या पिनेवर देता येतो. तो भरलेला असताना ३.६ पर्यंत जातो आणि चिपची मर्यादाही तितकीच आहे. बटण-सेलचा विचार मात्र सोडा. वायफाय प्रक्षेपण करताना क्षणभर लागणारे काहीशे मिलीअँपिअर त्याच्यातून निघत नाहीत.

रेग्युलेटर सुधारल्यावर पुढची काटकसर कुठे? चिपच्या झोपेत आणखी १० मायक्रोअँपिअर वाचवण्यात फारसा अर्थ नाही. जागरण कमी करा. राउटरचा चॅनल आणि पत्ता लक्षात ठेवला आणि आयपी पत्ता कायमचा ठरवून दिला, तर शोधाशोध वाचते आणि ५ सेकंदांचं काम १ सेकंदाच्या आसपास येऊ शकतं. वरचाच हिशेब पुन्हा मांडला तर सहा महिन्यांची बॅटरी कागदावर दोन वर्षांवर जाते. प्रत्यक्षात सेलची स्वतःची गळती, थंडी-ऊन यांनी थोडी तूट येईल. तरी फरक डोळ्यात भरण्यासारखाच.

आणि हो, ८२६६ ला झोपेतून उठवायला जीपीआयओ १६ (जीपीआयओ म्हणजे सेन्सर-दिवे जोडायच्या पिना) ही पिन रीसेटच्या पिनेला जोडावी लागते. ईएसपी-०१ वर ती बाहेर काढलेलीच नाही. चिपच्या पायाला केसाएवढी तार सोल्डर करणारे बहाद्दर आहेत, पण त्यापेक्षा दुसरा बोर्ड घ्यावा.

पिनांचं प्रकरणही असंच. ‘इतक्या पिना’ असं जाहिरातीत असतं, पण सगळ्या आपल्या नसतात. काही पिना चिप सुरू होताना वाचते आणि त्यावरून ठरवते की प्रोग्रॅम चालवायचा की नव्या प्रोग्रॅमची वाट बघायची. डी१ मिनीवर डी३ लिहिलंय ती जीपीआयओ ०. तिला जोडलेल्या सेन्सरनं सुरुवातीलाच ती खाली, म्हणजे शून्य व्होल्टकडे, ओढली तर बोर्ड मेल्यासारखा गप्प बसतो. रिले, म्हणजे विजेवर चालणारा खटका, लावायचा तर डी१ किंवा डी२ ला लावा, नाहीतर वीज येताच रिले आपोआप खटकन वाजू शकतो. पाण्याचा पंप जोडलेला असेल तर ते महागात पडेल. मूळ ईएसपी३२ वर ६ ते ११ या पिना फ्लॅशच्या कामाला जुंपलेल्या असतात, ३४ ते ३९ वरून फक्त वाचता येतं, आणि १२ नंबर सुरुवातीला वर, म्हणजे ३.३ व्होल्टवर, असेल तर फ्लॅशचं व्होल्टेज चुकीचं ठरून बोर्ड सुरूच होत नाही. सगळ्यात चकवणारी गोष्ट म्हणजे एडीसी२ च्या, म्हणजे बदलतं व्होल्टेज मोजणाऱ्या दुसऱ्या गटातल्या, पिना वायफाय चालू असताना अॅनालॉग मोजमाप देत नाहीत. मातीचा सेन्सर एकटा असताना नीट चालतो आणि वायफाय जोडलं की रुसतो, त्याचं कारण बरेचदा हेच. तो ३२ ते ३९ मधल्या, बोर्डावर बाहेर काढलेल्या एखाद्या पिनेवर हलवला की काम झालं.

५ व्होल्टचा सेन्सर थेट लावू नका, या सगळ्या चिपा ३.३ व्होल्टच्या आहेत. दोन रेझिस्टर मध्ये घातले की भागतं.

बोर्ड जितका लहान तितकी अँटेनाची अडचण मोठी. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरीची लांबी साडेबारा सेंटिमीटर, तिचा चौथा भाग तीन सेंटिमीटरच्या आसपास. नखाएवढ्या बोर्डावर हे बसवायला तांब्याची रेघ नागमोडी वळवतात. तिच्याखाली किंवा शेजारी धातू आला की पोहोच घटते, म्हणून अँटेनाचं टोक डब्यात बॅटरीवर न ठेवता मोकळ्या बाजूला काढावं. सीड कंपनीच्या शाओ सी३ सारख्या जेमतेम २१ मिलीमीटर लांबीच्या बोर्डाला वेगळी अँटेना टोचून लावायची असते. ती पाकिटातच राहिली तर राउटर शेजारी असूनही सिग्नल मरतुकडाच दिसणार.

यूएसबीबद्दल थोडंच. जुन्या बोर्डांवर सीएच३४० किंवा सीपी२१०२ ही मधली चिप असते, सी३ आणि एस३ मध्ये यूएसबी आतच आहे. अशा बोर्डाला डीप स्लीपमध्ये पाठवलं की संगणकावरून पोर्टच गायब होतो. घाबरू नका, बूटचं बटण दाबून धरून रीसेट दाबलं की तो परत येतो. आणि बोर्ड दिसतच नसेल तर आधी केबल बदलून बघा, कारण फक्त चार्जिंगच्या केबली घरात हमखास निघतात.

बोर्ड सापडला, प्रोग्रॅम चढला, तरी नेटवर्क दिसत नसेल तर राउटर ५ गिगाहर्ट्झवर आहे का ते तपासा. वर सांगितलेल्या सगळ्या चिपा फक्त २.४ वर बोलतात. दोन्हींवर चालणारी सी५ आलेली आहे, पण एका तापमानाच्या सेन्सरसाठी तिच्यामागे लागण्यापेक्षा राउटरच्या सेटिंगमध्ये २.४ चालू करणं सोपं.