गॅस प्रकल्पासाठी हत्तीगवत: लावणीआधी एवढे वाचा

नेपियरच्या, म्हणजे हत्तीगवताच्या, कांड्या मागायला येणाऱ्या प्रत्येक शेतकऱ्याला आम्ही आधी विचारतो: गवत घेणार कोण, आणि प्रकल्प शेतापासून किती लांब? याचे उत्तर लेखी करारात नसेल, तर एकरच्या एकर लावू नका. गोठ्यापुरते चार गुंठे लावा, जनावरे ते आवडीने खातात.

हिरव्या नेपियरमध्ये साधारण 80 टक्के पाणी असते. म्हणजे ट्रॉलीतल्या एका टनात 800 किलो पाणी आणि गॅस देणारा सुका भाग जेमतेम 200 किलो. भाडे मात्र पुऱ्या टनाचे. प्रकल्प लांब असेल तर चांगला दरही डिझेलमध्ये जातो. दर ओल्या वजनावर की सुक्या भागावर, कापणी आणि कुट्टी कोणाकडे, पैसे किती दिवसांत, हे करारात लिहून घ्या.

प्रकल्पात कुट्टी शेणकाल्याबरोबर बंद टाकीत जाते. हवेशिवाय जगणारे जिवाणू ती कुजवतात. निघणाऱ्या गॅसमध्ये 50 ते 60 टक्के मिथेन असतो, बाकी मुख्यतः कार्बन डायऑक्साइड. तो आणि हायड्रोजन सल्फाइड काढून मिथेन 90 टक्क्यांच्या वर नेला, की हाच वायू दाबाखाली भरून सीएनजीच्या गाडीत चालतो. उरलेली मळी खत म्हणून शेतात परत आलीच पाहिजे, कारण हे गवत जमिनीतून नत्र आणि पालाश भरपूर उचलते. मळीचा वाटाही करारात मागा.

अशा वायूचे उत्पादन आणि खरेदी वाढवण्यासाठी केंद्राची ‘सतत’ योजना 2018 साली आली. शहरी गॅस वितरणात हा वायू मिसळण्याचे बंधन 2025-26 मध्ये 1 टक्क्यापासून सुरू झाले असून 2028-29 पर्यंत ते 5 टक्क्यांवर न्यायचे ठरले आहे. मागणी वाढेल असे आम्हाला मनापासून वाटते.

कापणीची वेळ चुकवू नका. पहिली कापणी लावणीनंतर दोन ते अडीच महिन्यांनी, पुढच्या दर 45 ते 60 दिवसांनी. वजन वाढेल म्हणून गवत जून होऊ दिले, तर खोडात लिग्निन (खोड टणक करणारा घटक) वाढते आणि ते या जिवाणूंना पचत नाही. टन वाढतात, टनामागे गॅस घटतो. थंडीत वाढ मंदावते आणि पावसाळ्यात ओल्या रानात यंत्र जात नाही, त्या दिवसांसाठी मुरघास (हवाबंद ठेवून आंबवलेली कुट्टी) करून ठेवावा लागतो.

राहुरीच्या कृषी विद्यापीठाचे फुले जयवंत आणि कोइमतूरचे सीओ-5 हे वाण आम्ही देतो. संकरित नेपियरला उगवणारे बी धरत नाही, त्यामुळे पाकिटातले ‘नेपियर बियाणे’ घेऊ नका. दोन ओळींत 90 सेंटिमीटर आणि दोन कांड्यांत 60 सेंटिमीटर अंतर धरले, तर एकरी सुमारे 7,500 कांड्या लागतात. दोन डोळ्यांची कांडी तिरपी लावा, एक डोळा मातीत.

उन्हाळ्यात पाणी नसलेल्या मुरमाड रानासाठी आम्ही कांड्या देत नाही. मागणी नोंदवताना विहिरीचे किंवा बोअरचे मे महिन्यातले पाणी किती, ते सांगा.