फोरहँडची पकड: चेंडू कुठल्या उंचीवर गाठायचा?

1920 च्या सुमाराला अमेरिकन टेनिसमध्ये दोन बिल गाजत होते. ‘बिग बिल’ म्हणजे सहा फुटांहून उंच असलेला बिल टिल्डन, आणि ‘लिटल बिल’ म्हणजे साडेपाच फुटांच्या थोडाच वर गेलेला, अंगानं किरकोळ बिल जॉन्स्टन. जॉन्स्टनचा फोरहँड, म्हणजे रॅकेट धरलेल्या हाताच्या बाजूनं मारायचा फटका, मात्र मुळीच किरकोळ नव्हता. त्याच्या जोरावर त्यानं 1915 आणि 1919 मध्ये अमेरिकेची राष्ट्रीय स्पर्धा जिंकली, 1923 मध्ये विम्बल्डनही. तो वाढला सॅन फ्रान्सिस्कोत, तिथल्या सार्वजनिक बागेतल्या कडक कोर्टांवर. गवतावर चेंडू घसरत खालून येतो. कडक कोर्टावर तोच टप्पा घेऊन छातीपर्यंत उसळतो, आणि समोरचा खेळाडू बुटका असेल तर खांद्यापर्यंत. अशा चेंडूंशी झटापट करता करता कॅलिफोर्नियातल्या खेळाडूंचा तळहात रॅकेटच्या मुठीच्या खाली सरकत गेला. त्या पकडीला ‘वेस्टर्न’ म्हणू लागले. पूर्व किनाऱ्यावर रुजलेली ती ‘ईस्टर्न’, आणि युरोपातल्या मऊ, कमी उसळीच्या कोर्टांवरची ‘कॉन्टिनेन्टल’. आज सर्वात जास्त दिसणारी ‘सेमी-वेस्टर्न’ ही ईस्टर्न आणि वेस्टर्नच्या मधली.

या नावांमागे माणसांपेक्षा कोर्टं आहेत, हे आपण विसरतो. मग ‘जोकोविच अमुक ग्रिप धरतो, म्हणून मीही तीच धरणार’ असं सुरू होतं. माझ्या मते ग्रिप निवडताना पहिला प्रश्न आवडत्या खेळाडूचा नसावाच. तुमच्याकडे येणारा चेंडू बहुतेक वेळा किती उंचीवर असतो, हा असावा.

त्यासाठी आधी मूठ नीट बघू. रॅकेटची मूठ गोल नसते, तिला आठ पैलू असतात. कोच त्यांना ‘बेव्हल’ म्हणतात. रॅकेटच्या जाळीची कड जमिनीकडे येईल अशी ती उभी धरा आणि मुठीच्या बुडाकडून बघा. अगदी वरचा सपाट पैलू पहिला. तिथून घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनं मोजत जायचं. डावखुऱ्यांनी उलट मोजायचं. आता तर्जनी जिथं तळहाताला जुळते, तिथल्या सांध्याचा तळव्याकडचा उंचवटा कुठल्या पैलूवर टेकतो ते पाहा. दुसऱ्यावर टेकला तर कॉन्टिनेन्टल, तिसऱ्यावर ईस्टर्न, चौथ्यावर सेमी-वेस्टर्न, आणि पाचव्यावर, म्हणजे अगदी तळाशी, वेस्टर्न. ईस्टर्नमध्ये तळहात आणि रॅकेटचं तोंड (तारांचा सपाट भाग) एकाच दिशेला असतात. समोरच्याशी शेकहँड करावा तशी मूठ धरली की ती आपोआप सापडते. जमिनीवर आडवी पडलेली रॅकेट सरळ वरून उचलली की हातात येते ती साधारण वेस्टर्न.

एक पैलू सरकणं म्हणजे सुमारे 45 अंशांचा फरक. (मूठ अगदी नियमित अष्टकोन नसते, काही कंपन्यांच्या मुठी चपट्या असतात, म्हणून ‘सुमारे’.) ऐकायला हा आकडा छोटा वाटतो. टेनिसमध्ये तो प्रचंड आहे. चेंडू तारांना टेकलेला असतो जेमतेम 4 ते 5 मिलिसेकंद. तेवढ्यात तो कुठल्या दिशेनं निघणार हे ठरून जातं. बेसलाइनपासून, म्हणजे कोर्टाच्या मागच्या रेषेपासून, समोरच्या बेसलाइनपर्यंत 23.77 मीटर अंतर आहे. निघतानाच चेंडूची दिशा एका अंशानं चुकली, तर पलीकडे पोचेपर्यंत तो जवळजवळ 40 सेंटिमीटर भरकटलेला असतो. एका अंशाची ही कथा, तर 45 अंशांचं काय!

घरच्या घरी करून बघण्यासारखी गोष्ट आहे. ईस्टर्न पकडीनं रॅकेट कंबरेच्या उंचीवर, अंगाच्या किंचित पुढं धरा. तोंड सरळ समोर, जमिनीशी काटकोनात राहील. आता हात जिथं आहे तिथंच ठेवून, दुसऱ्या हातानं रॅकेट फिरवून वेस्टर्न पकडीवर आणा. दोन पैलू, म्हणजे 90 अंश. रॅकेटचं तोंड थेट जमिनीकडे वळलेलं दिसेल. ते पुन्हा उभं करायचं तर मनगट मागं मोडावं लागतं, कोपर वाकवून हात वर न्यावा लागतो आणि अंगाच्या बराच पुढं काढावा लागतो. छाती-खांद्याच्या उंचीवर पोचल्यावर कुठं मनगटाला हायसं वाटतं. कॉन्टिनेन्टलचं याच्या उलट. तिच्यात तोंड वरच्या बाजूला उघडं पडतं, त्यामुळे गुडघ्या-मांडीच्या उंचीवरचा चेंडू सहज मिळतो. खांद्यापाशी मात्र मनगट लुळं पडतं.

पकडीचं सगळं मर्म मला इथं दिसतं. रॅकेटचं तोंड उभं आहे आणि मनगट आरामात आहे, अशी जागा प्रत्येक पकडीसाठी वेगळी असते. कॉन्टिनेन्टलची ती जागा खाली आणि अंगालगत, ईस्टर्नची कंबरेपाशी, सेमी-वेस्टर्नची कंबर ते छाती, वेस्टर्नची त्याहून वर आणि आणखी पुढं. पकड बदलली की ताकद वाढते वगैरे समजुती दुय्यम आहेत. बदलते ती चेंडू गाठायची जागा.

मग टॉपस्पिनचं, म्हणजे चेंडूला पुढच्या दिशेनं दिलेल्या फिरकीचं, काय? वेस्टर्न म्हणजे टॉपस्पिन, हे समीकरण इतकं पाठ झालंय की त्याबद्दल थोडं खोलात जायला हवं. 1 मीटर उंचीवरून, ताशी 108 किलोमीटर वेगानं, बेसलाइनवरून अगदी आडवा फटका मारला आहे असं समजा. जाळीपर्यंत 11.9 मीटर जायला हवेच्या विरोधामुळे त्याला सुमारे 0.45 सेकंद लागतात. तेवढ्या वेळात गुरुत्वाकर्षण त्याला जवळजवळ मीटरभर खाली ओढतं. म्हणजे जाळीशी पोचताना चेंडू जमिनीलाच टेकायला आलेला असतो, आणि जाळी मध्यभागीही 91 सेंटिमीटर उंच आहे. त्यामुळे फटका थोडा वरच मारावा लागतो. पण वर मारला आणि वेगही वाढवला, तर चेंडू पलीकडच्या रेषेबाहेर जातो. यातून सोडवतो तो टॉपस्पिन. पुढच्या दिशेनं फिरणारा चेंडू आपल्यामागची हवा वरच्या बाजूला ढकलतो, आणि त्याची प्रतिक्रिया म्हणून स्वतः खाली दाबला जातो. याला मॅग्नस परिणाम म्हणतात. हाइनरिख माग्नुस या जर्मन शास्त्रज्ञानं 1852 मध्ये त्यावर काम केलं. पण तिरप्या रॅकेटनं मारलेला टेनिसचा चेंडू वळतो, हे न्यूटननं 1672 सालीच, प्रकाशावरच्या एका पत्रात, नोंदवून ठेवलं होतं. पुढं 1877 मध्ये लॉर्ड रॅले यांनी टेनिस चेंडूच्या वेड्यावाकड्या मार्गावर एक शोधनिबंधच लिहिला.

हा दाब किती असतो? मिनिटाला 3000 फेऱ्या घेणाऱ्या चेंडूचा पृष्ठभाग सेकंदाला सुमारे 10 मीटर वेगानं फिरत असतो. ताशी 108 किलोमीटरच्या फटक्यावर ढोबळ हिशोब केला, तर हवेचा खाली दाब चेंडूच्या वजनाच्या दोन तृतीयांशाच्या आसपास येतो. जणू 57 ग्रॅमचा चेंडू हवेत 95 ग्रॅमचा झाला. म्हणून नदालचा फटका जाळीवरून हातभर उंच जायचा, आता बाहेरच जाणार असं वाटायचं, आणि ऐनवेळी कोर्टात घुसायचा. अतिवेगवान कॅमेऱ्यांनी मोजल्यावर नदालच्या फोरहँडचा स्पिन सरासरी मिनिटाला 3200 फेऱ्यांच्या घरात निघाला, फेडररचा 2500 च्या आसपास आणि सॅम्प्रसचा 1800 ते 1900.

आता पकडी बघा. सॅम्प्रसची ईस्टर्न, नदालची सेमी-वेस्टर्न, फेडररची ईस्टर्नच, पण सेमी-वेस्टर्नकडे किंचित झुकलेली. समीकरण बरोबर वाटतं ना? पण फेडरर आणि सॅम्प्रसच्या पकडीत फार अंतर नाही, स्पिनमध्ये आहे. कारण स्पिन पकडीतून येत नाही. रॅकेट चेंडूच्या खालून सुरू होऊन किती वेगानं वर जाते, यातून तो येतो. तोंड जवळजवळ उभं आणि रॅकेटचा मार्ग चढा, हे दोन्ही एकत्र जमलं की तारा चेंडूला घासून वर जातात. दंड खांद्यात आतल्या बाजूला फिरतो, कोपराखालचा हात वळतो, आणि रॅकेट गाडीच्या वायपरसारखी आडवी पुसत जाते. वेस्टर्नकडे झुकलेल्या पकडीत हे सोपं जातं, आणि थोडी सक्तीही असते: तोंड मुळातच खाली झुकलेलं असल्यामुळे वर घासलं नाही तर चेंडू जाळीत जातो. म्हणजे पकड स्पिनला वाट करून देते, स्पिन तयार करणं खांद्या-हाताचं काम. हे न समजता नुसती मूठ फिरवणाऱ्यांचे चेंडू जाळीच्या पायथ्याशी साठलेले दिसतात.

तारांचाही यात मोठा हात आहे. 1997 मध्ये ब्राझीलचा गुस्ताव्हो क्युर्टन पॉलिएस्टरच्या तारा लावून फ्रेंच ओपन जिंकला आणि बघता बघता बाकीचेही त्या तारांकडे वळले. या तारा गुळगुळीत आणि ताठ असतात. चेंडू घासला जाताना उभ्या तारा बाजूला सरकतात आणि चेंडू सुटायच्या आत झटक्यानं जागेवर परततात. परतताना चेंडूला आणखी एक फिरकी देतात. त्यामुळे जुन्या काळी ज्या पकडीनं सपाट फटके निघायचे, तीच आज बऱ्यापैकी स्पिन देते.

कोर्टंही बदलली. 1974 पर्यंत चारपैकी तीन ग्रँड स्लॅम गवतावर होती. जॉन मॅकेन्रोसारखा खेळाडू एकाच कॉन्टिनेन्टल पकडीवर सर्व्ह, व्हॉली, फोरहँड, बॅकहँड सगळं भागवू शकला, कारण खाली राहणाऱ्या चेंडूंना आणि जाळीकडे धावत सुटण्याला ती पकड अगदी सोयीची. मूठ बदलण्यात क्षणही जात नाही. मग अमेरिकन ओपन 1978 मध्ये हार्ड कोर्टवर गेलं, ऑस्ट्रेलियन ओपन 1988 मध्ये. 2001 पासून विम्बल्डनच्या कोर्टांवर निव्वळ राय गवत लावतात आणि तिथला टप्पाही जरा वर येऊ लागला. व्यावसायिक खेळात चेंडू जसा वर चढत गेला, तसा तळहात मुठीखाली सरकत गेला. जोकोविचची पकड सेमी-वेस्टर्न आणि वेस्टर्नच्या मध्ये कुठंतरी आहे, पोलंडच्या इगा श्वियाँतेकची तर आणखी टोकाकडे. समोरून येणारा प्रत्येक चेंडू प्रचंड टॉपस्पिन घेऊन खांद्यापर्यंत उडत असेल, तर ते शहाणपणाचंच आहे.

पण आपल्या क्लबात तो तसा उडतो का? नियमाप्रमाणे नवा चेंडू 254 सेंटिमीटरवरून सोडला तर 135 ते 147 सेंटिमीटर उसळायला हवा. क्लबातले चेंडू मात्र आतली हवा निघून गेली तरी आठवडेच्या आठवडे चालवले जातात. त्यात कोर्ट पाणी मारून, रोलर फिरवून दाबलेल्या मातीचं, आणि समोरचे काका स्लाइसचे, म्हणजे उलटी फिरकी देऊन चेंडू खाली ठेवणाऱ्या फटक्याचे, भक्त! असा चेंडू गुडघ्याच्या वर क्वचित येतो. तिथं वेस्टर्न पकड म्हणजे दर फटक्याला जमिनीपर्यंत वाकण्याची शिक्षा. पुण्यात बालेवाडीच्या सिंथेटिक कोर्टवर नवे चेंडू घेऊन, विशी-पंचविशीतल्या टॉपस्पिनवाल्यांशी रोज खेळणाऱ्याचं गणित वेगळं, जिमखान्याच्या मातीवर संध्याकाळी डबल्स खेळणाऱ्याचं वेगळं.

मुलांच्या बाबतीत हाच प्रश्न उलटा होतो. आठ वर्षांच्या मुलाला मोठ्यांचा चेंडू दिला, तर तो त्याच्या डोक्याशी येतो. मूल काय करतं? कोणी न सांगता मूठ फिरवून वेस्टर्नवर जातं, कारण त्या उंचीवर तेवढंच जमतं. पुढं उंची वाढली तरी मूठ तिथंच राहते. 2012 पासून दहा वर्षांखालच्या स्पर्धांमध्ये लाल, नारिंगी आणि हिरवे मऊ चेंडू सक्तीचे झाले, त्याचं एक कारण हे आहे. लाल चेंडू नेहमीच्या चेंडूपेक्षा 75 टक्के मंद असतो, नारिंगी 50, हिरवा 25. चेंडू कंबरेशी आला, की पकडही कंबरेला शोभेल अशी राहते. मुलाला अकादमीत घालताना पालक रॅकेटची कंपनी विचारतात. त्यापेक्षा चेंडूचा रंग विचारावा.

दुखण्याचाही विचार करायला हवा. इटलीतल्या संशोधकांनी 2009 मध्ये हौशी खेळाडूंच्या मनगटाच्या दुखापती आणि पकड यांचा मेळ घालून पाहिला. ईस्टर्नवाल्यांची तक्रार जास्त करून अंगठ्याच्या बाजूला, तर सेमी-वेस्टर्न आणि वेस्टर्नवाल्यांची करंगळीच्या बाजूला. म्हणजे कुठलीच पकड निर्धोक नाही, ताण फक्त जागा बदलतो. करंगळीच्या बाजूला आधीपासून दुखत असेल, तर मूठ आणखी खाली सरकवण्याआधी डॉक्टरांना विचारलेलं बरं.

मग सुरुवात कुठून करावी? नवशिक्या मोठ्या माणसानं ईस्टर्नपासून करावी, असं मला वाटतं. तळहात आणि तोंड एका दिशेला असल्यामुळे रॅकेट कुठं बघतेय हे हाताला कळतं. कंबरेवरचा चेंडू नीट जमू लागला आणि समोरून येणारे चेंडू वारंवार छातीशी येऊन अडचण करू लागले, की सांधा तिसऱ्या पैलूवरून चौथ्याच्या कडेकडे सरकवावा. अर्धा पैलूसुद्धा पुरतो. फेडररनं तेवढ्यावर काय काय केलं ते आपण पाहिलंय. नवी पकड जमेपर्यंत चेंडू जरा जास्त पुढं गाठावा लागतो. पहिले काही दिवस सगळे फटके जाळीत जातात ते पकड चुकीची असल्यामुळे नव्हे, चेंडू जुन्याच जागी गाठल्यामुळे.

सरावाच्या वेळी तर्जनीच्या त्या सांध्यावर पेनानं ठिपका काढून ठेवावा आणि मध्येच थांबून तो कुठल्या पैलूवर आहे ते बघावं. रॅली लांबली की हात नकळत जुन्या जागी जातो. आणि मुठीवर एकावर एक ओव्हरग्रिप गुंडाळायची सवय असेल, तर जुना थर काढूनच नवा लावा. दोन-तीन थरांखाली पैलूंच्या कडा बुजतात, मूठ गोल होते, आणि तिसरा कुठला, चौथा कुठला हे बोटांना कळेनासं होतं.