इमारत उभी राहते, कपाट पडतं

नव्या घराचं माहितीपत्रक माझ्यापुढे सरकवत एक मित्र म्हणाला, "भूकंपरोधक आहे, बरं का." मी विचारलं, "आणि कपाट?" तो हसला. त्याला वाटलं मी चेष्टा करतोय.

'भूकंपरोधक' हे विशेषण सांगाड्याला लागतं, म्हणजे खांब, तुळया आणि स्लॅबला. हादऱ्यात इमारत कोसळून माणसं गाडली जाऊ नयेत, ही त्यामागची किमान अपेक्षा. खोल्यांच्या आडभिंती, फॉल्स सीलिंग, नळ, काचा, पाण्याच्या टाक्या, लिफ्ट, कपाटं हे सगळं सांगाड्याच्या हिशेबाबाहेर असतं. अभियंते याला 'अरचनात्मक घटक' म्हणतात. नाव दुय्यम वाटतं, पण खर्च दुय्यम नाही. अमेरिकी इमारतींच्या २००३ सालच्या एका अभ्यासात रुग्णालयाच्या एकूण किमतीत सांगाड्याचा वाटा जेमतेम ८ टक्के निघाला. बाकीचे ९२ टक्के या 'दुय्यम' गोष्टींचे.

कॅलिफोर्नियातल्या ऑलिव्ह व्ह्यू रुग्णालयाने हे दोन वेळा अनुभवलं. १९७१च्या भूकंपात त्याची नवी कोरी इमारत इतकी मोडली की ती पाडावी लागली. त्याच जागी पोलादी भिंतींची भक्कम इमारत उभी राहिली. १९९४च्या नॉर्थरिज भूकंपात तिचा सांगाडा शाबूत राहिला, पण आग विझवायच्या स्प्रिंकलरचे पाइप फुटले. मजल्यांवर पाणीच पाणी झालं आणि रुग्णांना बाहेर हलवावं लागलं. त्या दिवशी तिथल्या यंत्रांनी जमिनीजवळ ०.९ जी त्वरण नोंदवलं आणि छतावर २.३ जी. (१ जी म्हणजे गुरुत्वाकर्षणाने पडणाऱ्या वस्तूचं त्वरण.)

जमीन तीच, भूकंप तोच, मग छतावर अडीचपट कुठून आलं? माझा सगळ्यात आवडता भाग हाच.

जमिनीचा हादरा म्हणजे उलटसुलट धक्क्यांचा गोंगाट. त्यात जलद धक्के असतात, संथही असतात. इमारत मात्र एक झोपाळा आहे, आणि झोपाळ्याला स्वतःची लय असते. ढोबळ नियम असा, की मजल्यांच्या संख्येला दहाने भागलं की एका हेलकाव्याचा वेळ सेकंदांत मिळतो. दहा मजली इमारत साधारण सेकंदाला एक हेलकावा घेते. गोंगाटातले तिच्या लयीशी जुळणारे धक्के ती उचलते आणि वाढवते, बाकीचे बहुतांश गाळून टाकते. शाळेत शिकलेला अनुनाद तो हाच. अमेरिकेतल्या बांधकामाच्या नियमावलीत बरीच वर्षं वापरलेलं साधं सूत्र छतावरचं त्वरण जमिनीच्या तिप्पट धरत असे.

आता कपाट घ्या. उंची १८० सेंमी, खोली ४० सेंमी, सामान सारखं भरलेलं. गुरुत्वमध्य ९० सेंमी उंचीवर आणि पुढच्या कडेपासून २० सेंमी आत. आडवा धक्का त्याला ९० सेंमीच्या तरफेने ढकलतो, वजन २० सेंमीच्या तरफेने रोखून धरतं. म्हणून त्वरण २० भागिले ९०, म्हणजे ०.२२ जीच्या वर गेलं की मागचे पाय उचलले जातात. जमिनीवर ०.१ जी असेल तर तळमजल्यावरचं कपाट जागचं हलणार नाही. वरच्या मजल्यावर तेच ०.३ जी झालं की पाय सुटले.

पण पाय उचलले म्हणजे कपाट पडलंच असं नाही. पडायला गुरुत्वमध्य कडेच्या पलीकडे जावा लागतो आणि त्याला वेळ लागतो. या कपाटासाठी हिशेब केला तर तो वेळ सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास येतो. दशांश सेकंदाचा धक्का कितीही जोरकस वाटला तरी कपाट पुरतं कलण्याआधीच उलट दिशेला फिरतो. दहा मजली इमारत मात्र कपाटाला अर्धा सेकंद एकाच बाजूला ढकलत राहते. वरच्या मजल्यावर धक्का मोठा तर होतोच, वर लांबतोही. कपाटाचा घात हे लांबणं करतं.

यातून निघालेली एक विचित्र गोष्ट अमेरिकी भूकंप-अभियंते जॉर्ज हाउसनर यांनी १९६३ साली गणिताने दाखवली. प्रमाण सारखंच असलेल्या दोन ठोकळ्यांपैकी मोठा ठोकळा पाडणं अवघड. त्यांना हे सुचलं ते १९६०च्या चिलीतल्या भूकंपात दिसायला तोल गेल्यासारख्या असणाऱ्या उंच पाण्याच्या टाक्या टिकून राहिल्या म्हणून.

(ग्रह एका रेषेत आले की भूकंप होणार, असे संदेश दर काही महिन्यांनी मोबाइलवर फिरतात. भूकंपाची तारीख आजवर कोणालाही सांगता आलेली नाही. कपाट किती धक्क्याला उचललं जाईल हे मात्र आत्ता आपण कागदावर काढलं, पण तो कागद कोणी पुढे पाठवत नाही.)

उपाय अगदीच साधा आहे. शंभर किलोचं कपाट, ०.५ जी धक्का. ढकलणारा जोर ५० किलोचा. वजनाने आपल्या बाजूने रोखून धरलेलं वजा केलं, तर माथ्यावरच्या पट्टीवर ओढ येते फक्त १४ किलोची. दोन एल आकाराच्या पट्ट्या लावल्या की प्रत्येकीवर सात. प्रत्यक्षात धक्का तिप्पट धरून चला, तरी चार स्क्रू पुरतात. अट एवढीच की स्क्रू प्लास्टरमध्ये न अडकता आतल्या विटेत किंवा काँक्रीटमध्ये गेला पाहिजे. पोकळ पार्टिशन असेल तर आतल्या उभ्या पट्टीतच. आणि पट्टी ढिली नको, नाहीतर कपाट आधी वेग घेतं आणि मग झटका देतं.

काचेचं नेमकं उलटं. मजला आडवा सरकला की खिडकीची चौकट तिरकी होते, काच आपली आयताकृतीच. काच चौकटीत घट्ट बसवली तर फुटते, भोवती फट ठेवली तर आतल्या आत फिरून वाचते. पाइप बांधायचे, पण दोन इमारतींच्या सांध्यावर मात्र लवचीक जोड द्यायचा.

मित्राने शेवटी पट्ट्या लावल्या आणि विचारलं, "वर बॅगा ठेवल्या तर चालेल ना?" कपाट आता भिंतीला आहे, बॅग कशालाच नाही. तिला धरून ठेवतं फक्त घर्षण, आणि गुळगुळीत पत्र्यावर ते ०.३ जीलाही सुटू शकतं.